आधी भिजवा, मग पुसा: गाडीच्या काचेवर वाळलेले किडे

मे महिन्याच्या अखेरीस वळवाची चांगली सर पडून गेली, की त्याच संध्याकाळी उसाच्या पट्ट्यात हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब-बाभळींवर गर्दी करतात. जमीन ओली झाली की पंख फुटलेली वाळवीही थव्यानं उडते आणि उजेड दिसेल तिकडे झेपावते. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात पिकायला आलं, की कोकणात आणि भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात दिव्यांवर तुडतुड्यांची झुंबड उडते. या दिवसांत रात्री लांबचा प्रवास केलात, की सकाळी पुढच्या काचेवर पांढुरके-पिवळे फराटे, काळे टणक ठिपके, अडकलेले पंख आणि पाय दिसतात. मध्येच वायपर फिरवला असेल, तर या सगळ्याचा अर्धवर्तुळाकार लेप दिसतो.

हा लेप काढताना बहुतेकांचा हात आधी घासणीकडे जातो. तिथेच काचेचं नुकसान सुरू होतं. वाळलेला किडा जोरानं निघत नाही, तो मऊ होऊन निघतो. त्यासाठी लागतं पाणी, थोडा साबण आणि पंधरा-वीस मिनिटांचा धीर. बाजारात मिळणारी महागडी द्रव्यंही करतात ती हेच काम, थोडं लवकर.

काचेला चिकटतं ते नेमकं काय

किड्याचं बाहेरचं कवच कायटिन आणि प्रथिनांचं बनलेलं असतं. आत हीमोलिम्फ नावाचा रक्तासारखा द्रव असतो आणि चरबी असते. धावत्या गाडीवर आदळल्यावर कवच फुटतं आणि आतला ऐवज काचेवर पसरतो. किड्याला जखम झाली की हीमोलिम्फ गोठून ती बुजवतो. तोच गुण काचेवरही कामाला येतो. वरून वाऱ्यानं पाणी उडून जातं आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात उरलेली प्रथिनं आक्रसून घट्ट धरतात. कपड्यावरचा रक्ताचा डाग कढत पाण्यात घातला की पक्का बसतो, हे घरोघरी ठाऊक असतं. काचेवरच्या किड्याचंही तसंच आहे: उष्णतेनं तो पक्का होतो.

चरबीचं वागणं वेगळं. ती वाळत नाही, पसरते. पतंग आणि पंखवाली वाळवी यांच्या अंगात चरबी भरपूर असते, म्हणून त्यांच्यावर वायपर फिरवला की काच स्वच्छ होण्याऐवजी धुरकट होते. त्या धुरकट पडद्यावर समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश पडला, की तो विखुरतो आणि रस्ता दिसेनासा होतो. रात्री कडेनं चालणारा माणूस, दिवे नसलेली उसाची बैलगाडी किंवा ट्रॉली, रस्त्यात बसलेलं जनावर या पडद्यामागे सहज हरवतं. मावळतीचा सूर्य समोर असतानाही हेच होतं. काच पुसणं हा गाडीच्या दिसण्याचा प्रश्न नाही. अपघात टाळण्याच्या कामांत त्याची जागा ब्रेक आणि टायर तपासण्याच्या शेजारी आहे, असं मी मानतो.

आणखी एक डाग यात मिसळतो, तो ओळखून ठेवावा. आंब्याला मोहोर असताना झाडाखाली गाडी लावली, तर काचेवर बारीक चिकट थेंब पडलेले दिसतात. तुडतुडे झाडाचा रस शोषतात आणि गोड चिकटा टाकतात, त्याचे हे थेंब. ही साखर आहे, प्रथिनं नव्हेत. कोमट पाण्यानं ती लगेच विरघळते, तिच्यासाठी वेगळं काहीच लागत नाही.

काम कसं करायचं

गाडी सावलीत लावा आणि काच हाताला थंड लागेपर्यंत थांबा. तापलेल्या काचेवर साबणाचं पाणी टिकत नाही, ते वाळून स्वतःचेच डाग सोडतं. शिवाय पुढची काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये पॉलिव्हिनिल ब्युटिरलचा पातळ पडदा घालून केलेली जोडकाच असते. तिला एखाद्या खड्याचा बारीक टवका आधीच पडलेला असेल, तर तापलेल्या काचेवर गार पाणी किंवा गार काचेवर कढत पाणी ओतल्यानं त्या टवक्यातून तडा धावू शकतो. म्हणून पाणी साधं किंवा कोमट. काम सुरू करण्यापूर्वी काचेवरून एकदा नजर फिरवून टवका आहे का ते पाहा.

मग भरपूर पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्या. ही पायरी गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण धुळीत वाळूचे म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतं. धूळ न धुता फडकं फिरवलंत, तर किडा निघण्याआधी ओरखडे उमटतील.

आता खरं काम, म्हणजे भिजवणं. अर्ध्या बादली कोमट पाण्यात गाडीचा शॅम्पू घाला. तो नसेल तर भांडी घासण्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब पुरतात. एखादा जुना पंचा, विरलेली ओढणी किंवा धोतराचा तुकडा त्यात बुडवा आणि न पिळता काचेवर पसरून ठेवा. वरची कड वायपरच्या पात्याखाली किंवा दारात अडकवली की कापड घसरत नाही. सुती कापडच घ्या, ते पाणी धरून ठेवतं. स्प्रेनं मारलेलं पाणी उभ्या काचेवरून दोन मिनिटांत ओघळून जातं आणि किडा पुन्हा कोरडा पडतो. ओलं कापड त्याच्यावर पाणी दाबून ठेवतं. पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. मध्ये कापड सुकू लागलं तर वरून पाणी शिंपडा. किडे दोन-तीन दिवसांचे जुने असतील तर अर्धा तास ठेवा. तेवढ्या वेळात चाकांची हवा पाहा, बॉनेट धुऊन घ्या.

कापड काढतानाच बरेचसे किडे त्याला लागून येतात. उरलेले मायक्रोफायबरच्या ओल्या फडक्यानं, हलक्या हातानं, वरून खाली पुसत न्या. गोल गोल घासू नका. तसं केल्यानं सुटलेली कवचं पुन्हा काचेभर फिरतात. फडक्याची घडी पालटत राहा आणि ते दुसऱ्या, स्वच्छ पाण्याच्या बादलीत धुवा. एकाच बादलीत साबण आणि मळ कालवला, तर काढलेली घाणच परत काचेवर जाते.

शेवटचं पाणी कुठलं, याला महत्त्व आहे. मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडे आणि शहरांतल्या अनेक सोसायट्यांत बोअरचं पाणी जड असतं. ते काचेवर वाळलं की क्षारांचे पांढरे गोल राहतात, आणि ते किड्यांपेक्षा चिवट. घरच्या आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी गाडी धुवायला वापरण्याची सवय पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूनं पडली आहे. पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. ते चाकांना आणि गाडीच्या तळाला वापरा, काचेवर नको. शेवटी साठवलेल्या पावसाच्या किंवा पिण्याच्या पाण्यानं काच धुवा आणि वाळण्याची वाट न पाहता कोरड्या फडक्यानं पुसून टाका. क्षारांचे गोल आधीच पडले असतील तर व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून त्या डागांवर काही मिनिटं ओलं फडकं ठेवा आणि धुऊन काढा. किड्यांवर मात्र व्हिनेगरचा फार उपयोग होत नाही.

तरीही न निघणारे

भुंगेऱ्यांच्या पाठीवरचं टणक आवरण कधी कधी एका भिजवणीत सुटत नाही. अशा वेळी उपाय बदलण्याआधी तोच उपाय पुन्हा करावा. दुसऱ्या भिजवणीत बहुतेक काम होतं. त्यानंतरही राहिलेल्या ठिपक्यांसाठी तीन चमचे खायचा सोडा एक चमचा पाण्यात कालवून लगदा करा. सोडा किंचित अल्कधर्मी असतो, त्यामुळे प्रथिनं आणि चरबी सुटायला मदत होते, आणि काचेपेक्षा पुष्कळ मऊ असल्यानं त्यानं ओरखडा पडत नाही. लगदा ओल्या काचेवर बोटानं लावा, पाच मिनिटांनी ओल्या फडक्यानं पुसा आणि रबरी कडांत पांढरं राहणार नाही इतकं पाणी सोडा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्याची क्लृप्ती मात्र सोडून द्या. दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात, उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी.

मुदत संपलेलं एटीएम कार्डही कामाचं आहे. काच साबणाच्या पाण्यानं ओली ठेवून कार्ड तिरपं धरलं आणि पुढे सरकवलं, की मऊ झालेला ठिपका उचकटून येतो. प्लास्टिक काचेपेक्षा मऊ, म्हणून धोका नाही. ब्लेड वापरणारेही असतात. नवं पातं, भरपूर ओली काच आणि अगदी निजता कोन असेल तर ते चालतं, पण सराव नसलेल्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. मागच्या काचेवर आतून बारीक तारांच्या रेषा असतात, तिथे ब्लेड कधीच नको.

सगळे ठिपके गेले आणि तरी काचेवरून हात फिरवताना खरखर लागली, तर गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळणारा क्ले बार आणा. तो मातीसारखा मऊ गोळा काचेवर पाणी-शॅम्पू ठेवून हलकेच फिरवायचा. रुतलेले कण तो स्वतःत ओढून घेतो. खाली पडलेला गोळा परत वापरू नका, त्याला खडे लागलेले असतात. चरबीचा धुरकटपणा राहिला असेल तर मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन एकदा पुसा, काच लख्ख होते. हे ज्वलनशील आहे. हवेशीर जागी वापरा आणि शेजारी कोणाला विडी-सिगारेट ओढू देऊ नका.

आता टाळायच्या गोष्टी. भांड्यांची हिरवी घासणी काचेला लावू नका, तिच्या धाग्यांत घर्षक कण बसवलेले असतात. तारेची घासणीही नको. त्या क्षणी काही दिसत नाही, पण महिन्याभरानं रात्री समोरून दिवे आले की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे चमकू लागतात, आणि ते मात्र कशानंच निघत नाहीत. रॉकेल, डिझेल, पेट्रोलनं किडे सुटतात हे खरं, पण मागे तेलकट थर राहतो, वायपरचं आणि कडेचं रबर खराब होतं, आणि आगीची जोखीम वेगळीच. अमोनिया असलेला काचेचा स्प्रे साध्या काचेला चालतो. काचेला फिल्म किंवा विशेष लेप असेल तर आधी बाटलीवरची सूचना वाचा.

प्रवासात असताना

रस्त्यात किडा आदळला की पहिली प्रतिक्रिया वायपर चालवण्याची होते. एक-दोन किडे असतील आणि ते नजरेच्या आड येत नसतील, तर हात आवरा. लावायचाच असेल तर आधी वॉशरचं पाणी भरपूर मारा आणि काच ओली झाल्यावरच वायपर फिरू द्या. वॉशरच्या टाकीत नुसतं नळाचं पाणी असेल तर चरबी निघत नाही. शॅम्पूची पुडी ओतायची पद्धत आहे, तिनं फेस होतो आणि नोझलच्या बारीक भोकात चिकट थर बसतो. वॉशरसाठीचं तयार द्रव्य सांगितलेल्या प्रमाणात मिसळलेलं बरं. पाणी एका बाजूनंच उडत असेल तर नोझलच्या भोकात बारीक सुई हलकेच फिरवा.

गाडीत अर्ध्या लिटरची स्प्रे बाटली ठेवा. त्यात पिण्याचं पाणी आणि शॅम्पूचे तीन-चार थेंब, सोबत एक सुती कापड आणि दोन मायक्रोफायबर. चहाला थांबलात की आधी कापड भिजवून काचेवर टाका आणि मग चहा मागवा. ताजा किडा तेवढ्या वेळात सुटतो. तोच घरी नेऊन उन्हात वाळवला तर सकाळी अर्धा तास खातो. पेट्रोल पंपावरचा मुलगा आपुलकीनं काच पुसायला येतो, पण त्याच्या बादलीतलं पाणी सकाळपासून शंभर गाड्यांची धूळ पिऊन बसलेलं असतं. त्याला आपली बाटली आणि आपलं फडकं द्यावं.

वायपरचं पातंही विसरू नका. किड्यांची कवचं रबराच्या धारेत अडकतात आणि प्रत्येक फेऱ्यात काचेवर रेघ ओढतात. पातं उचलून ओल्या फडक्यानं धार पुसा; फडक्यावर काळी रेघ येणं थांबेपर्यंत पुसायचं. पातं उचललेलं असताना काचेवर जाड टॉवेल पसरा, कारण दांडा हातातून सुटून आपटला तर काच तडकू शकते. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी पाती बदलावीत. आपल्याकडच्या उन्हात रबर त्याहून जास्त टिकत नाही.

नव्या गाड्यांत आरशामागे काचेला लागून एक कॅमेरा असतो. लेन सुटली की इशारा देणारी किंवा आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा त्याच्या नजरेवर चालते. त्याच्या समोरचा काचेचा पट्टा वायपरच्या टप्प्यात नीट येतोच असं नाही. तिथे किडा वाळला तर यंत्रणा बंद पडते किंवा तिची नजर मंदावते, म्हणून तो चौकोन हातानंच पुसा.

किडे किती चिकटतील हे तुमच्या वेगावरही ठरतं. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते: ताशी 80 ऐवजी 120 किलोमीटरनं गेलात, तर ती सव्वादोन पट होते. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 ची मुभा आहे आणि तो रानाशिवारातून, रात्रीच्या काळोखातून जातो. तिथे पावसाळ्याच्या तोंडावर रात्री निघणार असाल तर वॉशरची टाकी भरून घ्या. निघण्यापूर्वी काचेला पाणी न धरणारा लेप किंवा काचेसाठीचं वॅक्स लावलं असेल, तर किडे बसतात तेवढेच, पण धरतात कमी, आणि एका भिजवणीत सुटतात.

यावरून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पूर्वी काच जास्त माखायची, आता कमी माखते, असं जुने चालक सांगतात, आणि युरोपात हे मोजलं गेलं आहे. जर्मनीतल्या संरक्षित क्षेत्रांत 27 वर्षांत उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन 75 टक्क्यांहून अधिक घटल्याचं 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. डेन्मार्कमध्ये तर 1997 ते 2017 या काळात मोटारीच्या काचेवर आदळणारे किडेच मोजले गेले आणि घट त्याच दिशेची निघाली. काच पुसण्याचा त्रास कमी झाला म्हणून आनंद मानावा अशी ही बातमी नाही. परागीभवन आणि पाखरांचं अन्न या किड्यांवर उभं आहे. रात्री वेग थोडा कमी ठेवणं काचेच्या आणि त्यांच्याही हिताचं आहे.

काचेपलीकडे

बॉनेट आणि बंपरवरचे किडे काचेवरच्यांपेक्षा तातडीनं काढा. रंगावर त्यांतलं आम्ल ऊन मिळालं की एक-दोन दिवसांत खुणा पाडतं. पद्धत तीच, ओल्या कापडाची. सोड्याचा लगदा आणि कार्ड मात्र रंगाला लावू नका. पुढच्या जाळीतून आत पाहिलंत तर एसीच्या कंडेन्सरवर पंखांचा थर दिसेल. त्यानं हवा अडते आणि थंडावा कमी होतो. तिथे पाण्याचा मंद झोत सोडा. जोराच्या झोतानं त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात. हेडलाइटची काच ही काच नसून पॉलिकार्बोनेटचं प्लास्टिक आहे, त्यावर थिनर, अल्कोहोल, ब्लेड यांतलं काहीही चालत नाही.

दुचाकीवाल्यांना हेल्मेटच्या काचेबद्दलही हेच. पेट्रोलच्या बोळ्यानं ती पुसली तर तिच्यावरचा संरक्षक थर जातो आणि प्लास्टिकला सूक्ष्म तडे पडतात. साबणाच्या पाण्यात भिजवलेला टिश्यू किंवा रुमाल दहा मिनिटं काचेवर चिकटवून ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली बोटांनीच किडा सरकवा आणि मऊ फडक्यानं टिपून घ्या.

इतकं करूनही काचेवर काही राहिलं, तर ते किड्याचं आहे का हे आधी पाहा. बोटाचं नख आडवं फिरवा. नख उंचवट्याला अडलं, तर तिथे अजून काही चिकटलेलं आहे, पुन्हा भिजवा. नख खाचेत अडलं, तर तो ओरखडा किंवा टवका आहे. चालकाच्या नजरेसमोरचा खोल ओरखडा घासून काढून देतो असं कोणी म्हणालं, तर मान्य करू नका. तिथली काच पातळ होऊन समोरचं दृश्य वेडंवाकडं दिसू लागतं. लहान टवका मात्र तज्ज्ञाकडून राळ भरून बुजवता येतो. तो तडा होऊन पसरण्याआधी जावं, आणि जाईपर्यंत त्या जागेवर पारदर्शक चिकटपट्टी लावून आत पाणी आणि धूळ जाऊ देऊ नये.